नात्याला नावच नसेल तर

"तुमच्यावर कधी अत्याचार झाला आहे का?" या प्रश्नाला ठामपणे 'नाही' म्हणणारी बाई "त्याने कधी ढकललं, थप्पड मारली?" असं विचारल्यावर 'हो' म्हणते. ती दोन्ही वेळा खरंच बोलत असते. 'अत्याचार' हा शब्द तिने याहून भयंकर गोष्टींसाठी राखून ठेवलेला असतो. म्हणूनच अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मरे स्ट्रॉस यांनी १९७९ साली मांडलेल्या मोजपट्टीत अशा एकेका कृतीबद्दल थेट विचारलं जातं.

स्थलांतरित समाजांत मात्र एवढंही पुरत नाही, कारण तिथे धाक अनेकदा कागदाचा असतो. पासपोर्ट कुलपात ठेवायचा, "माझ्यामुळे तुझा व्हिसा आहे" हे ऐकवत राहायचं, नवी भाषा शिकू द्यायची नाही, दवाखान्यात आपणच दुभाषी व्हायचं. अंगावर वळ उठत नाही, पण तिचं जगणं आक्रसत जातं. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ इव्हान स्टार्क यांनी २००७ मध्ये अशा वागण्याला जबरी नियंत्रण म्हटलं. इंग्लंड-वेल्समध्ये २०१५ पासून तो गुन्हा आहे.

लग्नाआधीच्या नात्यात हे आणखी अवघड होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, नात्यात राहिलेल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे २४ टक्के मुलींनी जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली असते. आणि ज्या घरात 'डेटिंग' हा शब्दच उच्चारायचा नसतो, तिथे मुलीने सांगायचं तरी काय? मार खाल्ल्याचं सांगायला आधी प्रेमाची कबुली द्यावी लागते. मुलाला हे पक्कं ठाऊक असतं. "घरी फोटो पाठवीन" एवढं वाक्य त्याला पुरतं. याचं खापर सरसकट 'त्यांच्या संस्कृती'वर फोडणं मला अन्यायाचं वाटतं. संशयाला प्रेम समजण्याची चूक सगळ्याच समाजांत होते.

शिवाय कायदाही लग्न झालंय का, ते पाहतो. अमेरिकेच्या १९९४ च्या महिलांवरील हिंसाचारविरोधी कायद्यामुळे नागरिकाच्या किंवा कायम रहिवाशाच्या पीडित पत्नीला त्याच्या मदतीशिवाय देशात कायम राहण्यासाठी स्वतः अर्ज करता येतो, प्रेयसीला नाही. तिच्यासाठी २००० साली आलेला, गुन्ह्यांच्या पीडितांसाठीचा यू व्हिसा उरतो. त्यासाठी तपासात सहकार्य करावं लागतं, आणि मुख्य अर्जदारांसाठी वर्षाला फक्त १०,००० व्हिसा असतात.

म्हणून मदत करणाऱ्याने तिच्याच भाषेत विचारावं, दुभाषी नात्यागोत्यातला नसावा. आणि "तो मारतो का?" याच्याही आधी विचारावं, "हे घरी कळलं तर तुझं काय होईल?"