ऐकू न येणारा खर्ज छाटला की ऐकू येणारा बेस सुधारतो

बेस गिटार वाजवणाऱ्याला हाय-पास फिल्टर लावायला सांगितलं की प्रतिक्रिया ठरलेली असते: खालचे स्वर हेच तर या वाद्याचं काम, तेच अडवायचे तर मग उरलं काय? शंका रास्त आहे. हा फिल्टर ठरावीक वारंवारतेच्या वरचं जाऊ देतो आणि खालचं अडवतो. पण ‘खालचं’ म्हणजे किती खालचं, हे आकड्यांत पाहिलं की भीती उरत नाही.

चार तारांच्या बेसवरची सगळ्यांत जाड तार, ई, मोकळी छेडली की तिची मूळ वारंवारता ४१.२ हर्ट्झ भरते. पाच तारांच्या बेसवरच्या बी तारेची ३०.९ हर्ट्झ. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये त्याखाली या वाद्यावर एकही स्वर नाही. पिकअपमधून, म्हणजे तारेची हालचाल विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या चुंबकी भागातून, निघणारा सिग्नल मात्र तिथे थांबत नाही. तारेवर बोट टेकलं, तार दाबून सोडली, पंजाने तारा बंद केल्या, अंगठ्याने स्लॅप मारला की तार चुंबकाच्या जवळ किंवा लांब सरकते आणि एक संथ धक्का सिग्नलमध्ये जातो. त्याचा मोठा भाग ५ ते २५ हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. पिएझो (चुंबकाऐवजी दाबावर चालणारा) पिकअप लावलेल्या डबल बेसवर, म्हणजे उभ्याने वाजवायच्या मोठ्या लाकडी बेसवर, हा प्रकार आणखी वाढतो, कारण लाकडी स्टेजवरची पावलं आणि ड्रमचे ठोकेसुद्धा वाद्य जमिनीवर टेकवणाऱ्या खुंटातून वर चढतात. ऑक्टेव्ह पेडल (स्वराच्या एक सप्तक खालचा, म्हणजे निम्म्या वारंवारतेचा स्वर तयार करणारं) लावून मोकळी ई वाजवली तर पेडल २०.६ हर्ट्झचा स्वर तयार करतं, तोही यातच जमा.

हे सगळं कानाला जवळपास ऐकूच येत नाही. ऐकू येण्याच्या उंबरठ्याचं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं की १००० हर्ट्झला साधारण २ डेसिबल पुरतात, ४० हर्ट्झला ५१ लागतात आणि २० हर्ट्झला ७८. मग जे ऐकूच येत नाही ते काढून फरक काय पडणार? याचं उत्तर स्पीकरच्या कोनमध्ये, म्हणजे पुढे-मागे हलून आवाज काढणाऱ्या पडद्यात आहे, आणि या विषयातला सगळ्यांत सुंदर भागही तोच.

स्पीकरचा आवाज कोनच्या त्वरणावर अवलंबून असतो. त्वरण हे विस्थापन गुणिले वारंवारतेचा वर्ग याच्या प्रमाणात असतं, हे शाळेतल्या सरल आवर्त गतीत येऊन गेलेलं आहे. म्हणून आवाजाची पातळी तीच ठेवून वारंवारता निम्मी केली, तर कोनला चौपट अंतर हलावं लागतं. दहा इंची स्पीकर घ्या. त्याच्या कोनचं क्षेत्रफळ अंदाजे ३५० चौरस सेंटिमीटर. बंद डब्यात, जमिनीवर ठेवून एक मीटरवर १०० डेसिबल हवे असतील, तर ८२ हर्ट्झला कोन मधल्या जागेपासून एका बाजूला १.६ मिलिमीटर हलतो. ४१ हर्ट्झला ६.३ मिलिमीटर. २०.६ हर्ट्झला २५ मिलिमीटर. बेसच्या स्पीकरची सरळ रेषेत हलण्याची मर्यादा एका बाजूला साधारण तीन ते सहा मिलिमीटर असते. म्हणजे मोकळ्या ई तारेची मूळ वारंवारता या पातळीवर देतानाच असा एकटा स्पीकर आपल्या मर्यादेवर पोचतो, आणि २० हर्ट्झ तर त्याच्या आवाक्यातच नाही.

मर्यादा ओलांडली की काय होतं ते बारकाईने पाहू. कोनला जोडलेली व्हॉइस कॉइल चुंबकाच्या अरुंद फटीत मागे-पुढे सरकते. कॉइल फटीच्या मध्यावर असताना तिच्यावर पुरेपूर बल लागतं. ती फटीबाहेर सरकली की तेवढ्याच करंटला बल कमी मिळतं. आता कल्पना करा की १० हर्ट्झचा एक ऐकू न येणारा धक्का कॉइलला सावकाश पुढे-मागे नेतो आहे आणि त्याच वेळी तिला ८०० हर्ट्झचा हार्मोनिकही (मूळ वारंवारतेच्या पटीतला वरचा स्वर) वाजवायचा आहे. कॉइल टोकाला गेली की ८०० हर्ट्झचा आवाज दबतो, मध्याला आली की उसळतो. त्यातून ७९० आणि ८१०, ७८० आणि ८२० असे मुळात नसलेले जोडस्वर तयार होतात. ते ऐकू येतात. ते कोणत्याही स्वरमेळात बसत नाहीत, म्हणून आवाज गढूळ होतो, बोटांचा ठसठशीतपणा जातो. वादक मग ट्रेबल वाढवतो, मिड वाढवतो, आणि रोग जिथे आहे तिथे हातच लागत नाही. ऐकू न येणारी गोष्ट ऐकू येणाऱ्या गोष्टीला खराब करते ती अशी.

भोक असलेल्या, म्हणजे पोर्टेड कॅबिनेटमध्ये धोका जास्त. अशा डब्याचं गणित नेव्हिल थिएल यांनी १९६१ मध्ये मांडलं आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात ते पूर्णत्वाला नेलं. डबा ज्या वारंवारतेला ट्यून केलेला असतो तिथे पोर्टमधली हवा काम करते आणि कोन जवळपास स्थिर राहतो. त्याच्या खाली गेलं की पोर्टमधून हवा नुसतीच आत-बाहेर करते, डब्यातल्या हवेचा स्प्रिंगसारखा आधार सुटतो आणि कोन स्वतःच्या सस्पेन्शनवर लोंबकळतो. आवाज दर ऑक्टेव्हला, म्हणजे वारंवारता निम्मी होईल तसतसा, २४ डेसिबलने पडत असतो आणि कोनची हालचाल मात्र वाढत असते. बंद डब्यात निदान हवेची गादी कोनला आवरते.

हे डोळ्यांनी तपासता येतं. जाळी काढा, आवाज नेहमीच्या पातळीवर ठेवा आणि तारा हाताने बंद करून त्यांवर नुसती बोटं आपटा. स्वर वाजताना कोनची कड धूसर दिसते, कारण ४० हर्ट्झची ये-जा डोळ्याला वेगळी करता येत नाही. पण कोन सुटा सुटा पुढे आला, मागे गेला असं दिसलं, तर ती हालचाल संगीताची नाही. ती ॲम्पची ताकद खाते, कोन हलवते आणि श्रोत्याला काहीही देत नाही.

आता ४१ हर्ट्झबद्दल. मोकळ्या ई तारेचा ‘भरीवपणा’ मूळ वारंवारतेत असतो असं आपण धरून चालतो, तेवढं ते खरं नाही. पिकअप ब्रिजपासून तारेच्या लांबीच्या एकषष्ठांश अंतरावर असेल, तर तारेच्या मूळ कंपनाच्या आयामाचा निम्माच भाग त्याच्यासमोर येतो. दुसऱ्या हार्मोनिकचा, म्हणजे ८२.४ हर्ट्झचा, ८७ टक्के आणि तिसऱ्याचा पूर्ण. शिवाय मूळ वारंवारता गायब असली तरी हार्मोनिकांमधल्या सारख्या अंतरावरून कान-मेंदू तो स्वर ओळखतात. ऑगस्ट झेबेक यांनी १८४१ मध्ये सायरनवरच्या प्रयोगांतून हे दाखवलं होतं. ॲम्पेग कंपनीच्या एसव्हीटी-८१०ई या प्रसिद्ध आठ स्पीकरच्या कॅबिनेटचं माहितीपत्रक पाहा: ५८ हर्ट्झला ते ३ डेसिबलने उतरलेलं असतं आणि ४० हर्ट्झला १० डेसिबलने. जगभर ज्या आवाजाला ‘खरा रॉक बेस’ म्हणतात तो अशा डब्यातून आलेला आहे, जो स्वतःच एक हाय-पास फिल्टर आहे.

इथेच एका अंधश्रद्धेचा समाचार घेऊ. ‘४१ हर्ट्झची तरंगलांबी आठ मीटर, म्हणून बेस स्पीकरपासून आठ मीटरवरच तयार होतो’ असं वादक एकमेकांना ठामपणे सांगतात. तरंगलांबी ८.३ मीटर आहे हे बरोबर, निष्कर्ष साफ चूक. कानाला लागतो तो एकाच जागी होणारा दाबाचा चढ-उतार, पूर्ण तरंग समोर पसरलेला असण्याची गरज नाही. तसं असतं तर हेडफोनवर बेस ऐकूच आला नसता. लांब उभं राहिल्यावर बेस वेगळा वाटतो तो खोलीच्या भिंतींवरून परतणाऱ्या तरंगांमुळे.

ॲम्पवरची बेसची कळ कमी केली तर हेच काम होणार नाही का? नाही. ती कळ एक मोठा पट्टा एकदम खाली आणते आणि त्यात ८० ते १०० हर्ट्झचा, म्हणजे बेसच्या अंगाचा, भागही जातो. शिवाय एका पातळीनंतर तिचा उतार सपाट होतो, १० हर्ट्झ आणि ४० हर्ट्झ सारखेच कमी होतात. हाय-पास फिल्टर मात्र खाली जावं तसा अधिकाधिक अडवत जातो. म्हणूनच फिल्टर लावल्यावर बेसची कळ थोडी वाढवताही येते, कारण वाढवलेला भाग आता कोनला विनाकारण हलवत नाही.

स्वतः बांधायचा असेल तर सर्किट छोटं आहे. एक कॅपॅसिटर आणि एक रेझिस्टर एवढ्यानेही फिल्टर होतो, पण त्याचा उतार दर ऑक्टेव्हला ६ डेसिबल. २० हर्ट्झ नीट अडवायचे तर ८० हर्ट्झही थोडे जातात. कामाचा उतार १२ डेसिबलपासून पुढे. त्यासाठी सॅलन आणि की यांनी १९५५ मध्ये मांडलेली रचना वापरा. टीएल०७२ या दुहेरी ऑप-अँपचा (सिग्नल हाताळणाऱ्या चिपचा) एक अर्धा भाग बफर म्हणून, म्हणजे पिकअपवर भार न टाकता सिग्नल पुढे देण्यासाठी: ०.१ मायक्रोफॅरडच्या कॅपॅसिटरमधून सिग्नल आत आणि तिथून १ मेगओहमचा रेझिस्टर ४.५ व्होल्टच्या मध्यबिंदूला. हा बफर वगळू नका. पॅसिव्ह पिकअपवर कमी रोधाचा भार पडला की वरचे स्वर मरतात. बफरनंतर ०.२२ मायक्रोफॅरडचे दोन कॅपॅसिटर एकापाठोपाठ दुसऱ्या ऑप-अँपच्या धन इनपुटपर्यंत. दोन्हींच्या मधल्या सांध्यापासून १५ किलोओहम त्याच ऑप-अँपच्या आउटपुटला, धन इनपुटपासून ३० किलोओहम मध्यबिंदूला. ऋण इनपुट थेट आउटपुटला. बाहेर पडताना १० मायक्रोफॅरड, आणि त्याच्या पलीकडच्या टोकापासून ग्राउंडला १०० किलोओहम. ९ व्होल्टच्या बॅटरीचा मध्यबिंदू १० किलोओहमच्या दोन रेझिस्टरांनी काढा आणि तिथून ग्राउंडला १०० मायक्रोफॅरड लावा.

याचा कटऑफ, म्हणजे जिथून फिल्टर अडवायला लागतो ती वारंवारता, ३४ हर्ट्झ येतो. मोकळी ई १.७ डेसिबलने उतरते, ८२ हर्ट्झला ०.१ डेसिबल म्हणजे काहीच नाही, २० हर्ट्झ जवळपास १० डेसिबलने आणि १० हर्ट्झ २१ डेसिबलने. पाच तारांसाठी दोन्ही ०.२२ च्या जागी ०.२७ टाका, कटऑफ २८ हर्ट्झवर जातो आणि मोकळी बी २.२ डेसिबलनेच उतरते.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे १५ आणि ३० किलोओहमची अदलाबदल. कटऑफ तोच राहतो, पण फिल्टरचा क्यू (कटऑफजवळचं वळण किती तीव्र ते सांगणारा आकडा) ०.७०७ वरून ०.३५ वर येतो, ई तार ७.५ डेसिबलने आणि ८२ हर्ट्झही ३ डेसिबलने खाली. ‘हाय-पास लावला आणि आवाज पातळ झाला’ अशी तक्रार आली तर आधी हे तपासा. कॅपॅसिटर पॉलिस्टर फिल्मचे घ्या; बऱ्याच मोठ्या मूल्याच्या सिरॅमिक कॅपॅसिटरांची धारिता व्होल्टेजनुसार बदलते आणि विकृती येते. पण ‘खास ऑडिओ’ म्हणून कितीतरी पट किमतीत विकले जाणारे कॅपॅसिटर घ्यायची मुळीच गरज नाही, फिल्टरला फक्त मूल्य कळतं. ॲक्टिव्ह बेस (आतच बॅटरीवरचं सर्किट असलेला) जोरात वाजवला की ९ व्होल्टवर टीएल०७२ क्लिप होऊ शकतो, म्हणजे सिग्नलची टोकं कापली जातात, तेव्हा १८ व्होल्ट द्या.

कटऑफ फिरवता यावा असं वाटत असेल तर दोन्ही कॅपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरड, दोन्ही रेझिस्टरांच्या जागी १५ किलोओहम अधिक ५० किलोओहमच्या ड्युअल पॉटचा (एकाच कळीवर फिरणारे दोन बदलते रेझिस्टर) एकेक गाळा, आणि दुसऱ्या ऑप-अँपला १.५८६ पट गेन. सुमारे २५ ते १०६ हर्ट्झ एवढा पल्ला मिळतो. आवाज ४ डेसिबलने वाढतो, तो पुढे कमी करून घ्यावा. न करता तुलना केली तर मोठा आवाज चांगला वाटून फसगत होते.

जागा: कंप्रेसरच्या (जोरदार सिग्नल आपोआप दाबणाऱ्या उपकरणाच्या) आधी. नाहीतर कंप्रेसर त्या ऐकू न येणाऱ्या धक्क्यांनाच दाबत बसतो आणि स्वर विनाकारण खाली-वर होतो. ऑक्टेव्ह किंवा फझ (आवाज मुद्दाम खरखरीत करणारं) पेडल असेल तर ते फिल्टरच्या आधी, कारण नवा खर्ज तेच तयार करतात.

लावताना कटऑफ सगळ्यात खाली ठेवा, सर्वांत खालचा स्वर वाजवत राहा आणि हळूहळू वर चढवा. स्वर पातळ वाटायला लागला की थोडं मागे या. हे बँडसोबत, वाजवायच्याच जागी करा. घरी एकट्याने लावलेली जागा स्टेजवर उपयोगी पडत नाही. चांगल्या खोलीत ३० ते ३५ हर्ट्झ पुरतात. घुमणाऱ्या हॉलमध्ये ५० ते ६० पर्यंत जायला कचरू नका, तिथे खोलीच तो भाग भरून काढते. मिक्सरवरचं ठरावीक लो-कट बटण मात्र बेसच्या चॅनलवर दाबू नका. ते बहुधा ८० किंवा १०० हर्ट्झचं असतं आणि १८ डेसिबल उताराच्या १०० हर्ट्झच्या फिल्टरमध्ये ई तारेची मूळ वारंवारता २३ डेसिबलने जाते.