आमवाताचे हात आणि लोकरीची वीण

स्वेटरची खालची पट्टी दोन सुलट, दोन उलट अशी विणायची, हे विणणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असतं. पट्टी ताणली की रुंद होते, सोडली की परत मिटते. पण लोकरीचा नुसता धागा दोन्ही हातांनी ओढून पाहा, तो फारसा लांबत नाही. मग पट्टी एवढी ताणली जाते ती कशाच्या जोरावर?

विणलेल्या कापडात धागा सरळ नसतोच, तो फासाफासांनी वळलेला असतो. कापड ओढलं की फासांचा आकार बदलतो आणि धागा एका फासातून शेजारच्या फासात थोडा सरकतो. सुलट टाक्यात नवा फास मागून पुढे येतो, उलट टाक्यात पुढून मागे जातो. म्हणजे टाका एकच, फक्त बघण्याची बाजू वेगळी. पण त्यामुळे प्रत्येक टाक्याला एका बाजूला वाकायचा कल असतो. एक ओळ सुलट, एक ओळ उलट विणली की सगळे कल एकाच दिशेला पडतात, म्हणून ते कापड कडेने मागे आणि वर-खाली पुढे गुंडाळतं. दोन सुलट, दोन उलट या विणीत सुलट टाक्यांचे उभे पट्टे पुढे येतात, उलट्यांचे मागे जातात आणि कापडाला बारीक घड्या पडतात. ताणताना आधी या घड्या उलगडतात.

अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमध्ये क्रिष्मा सिंगल, सबेटा मात्सुमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रश्न प्रयोगशाळेत नेला. चार नेहमीच्या विणी घेतल्या, त्या यंत्राने ताणून पाहिल्या, संगणकावरही मांडल्या आणि 2024 साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये निष्कर्ष छापले. धागा तोच ठेवून केवळ उलट-सुलट टाक्यांचा क्रम बदलला, तरी कापड किती ताणलं जाईल आणि कुठल्या दिशेला, हे बदलतं. आपल्या आज्या-मावश्यांच्या बोटांना जे माहीत होतं, त्याला आता समीकरणं मिळाली. मला याचा मनापासून आनंद वाटतो.

हे सगळं मी एवढ्या बारकाईने का बघते, त्यालाही कारण आहे. मला आमवात आहे, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. लोक म्हणतात, 'या वयात?' किंवा 'वातूळ खाणं सोड.' वयाने सांधे झिजतात तो आजार वेगळा. इथे शरीराची रोगप्रतिकारशक्तीच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते. अस्तर सुजतं, जाड होतं, पुढे कूर्चा आणि हाड कुरतडतं. हातात मनगट, बोटांच्या मुळाशी असलेले सांधे आणि मधले सांधे धरतात. टोकाचे बहुधा सुटतात.

सर्वांत वाईट वेळ सकाळची. सूज पेटवणारी इंटरल्यूकिन-6सारखी रसायनं रात्रभर वाढत जाऊन पहाटे शिखर गाठतात. सूज आवरणारं शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉलही सकाळी वाढतं, पण या आजारात ते पुरं पडत नाही. म्हणून उठल्यावर तास-दीड तास मूठ वळत नाही, चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरावा लागतो. हे कळल्याने कडकपणा कमी झाला नाही, पण सकाळची भीती गेली. सुया मी दुपारी हातात घेते.

माझं औषध मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदाच घ्यायचं. चुकून रोज घेतलं गेलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून वार डबीवर ठळक लिहून ठेवावा. या औषधाच्या मुळाशी आंध्रातल्या भीमवरमला जन्मलेले शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव आहेत. अमेरिकेत लेडर्ली प्रयोगशाळेत त्यांच्या चमूने आधी फॉलिक अ‍ॅसिड कृत्रिमरीत्या बनवलं, मग त्याच्या कामात अडथळा आणणारी रसायनं. त्यांतलं अमिनोप्टेरिन 1948 साली रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांवर वापरलं गेलं. मेथोट्रेक्सेट त्याचंच भावंड. त्याच वर्षी सुब्बाराव गेले. आमवातासाठी अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली ती 1988 मध्ये.

विणकामाने आमवात बरा होतो, असं मात्र कुणी सांगितलं तर ऐकू नका. 2015 साली 'द लॅन्सेट'मध्ये आलेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत 490 रुग्ण होते. हातांना ताकद आणि ताण देणाऱ्या, प्रत्येकाला बेतून दिलेल्या व्यायामांनी हाताचं काम सुधारलं, असं तिथे दिसलं. ते व्यायाम वेगळे, फिजिओथेरपिस्टकडून शिकायचे. विणताना मी बांबूच्या सुया वापरते, कारण त्या हलक्या असतात आणि धातूसारख्या गार लागत नाहीत. मोठं काम गोल सुईवर घेते, म्हणजे वजन मांडीवर पडतं. सांधे सुजलेले असले तर काहीच विणत नाही.

अशा वेळी मला ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ डोरोथी हॉजकिन आठवतात. स्फटिकावर क्ष-किरण टाकून मिळालेल्या चित्रावरून रेणूतल्या अणूंची मांडणी, म्हणजे रचना, शोधणं हे त्यांचं काम. 1934 साली केंब्रिजमध्ये जे. डी. बर्नाल यांनी पेप्सिन या प्रथिनाच्या स्फटिकाचं पहिलं स्पष्ट क्ष-किरण चित्र मिळवलं. स्फटिक कोरडा होऊ न देता त्याच्याच द्रावात ठेवला, ही त्यातली खुबी. त्यांच्या हाताखाली पीएचडी करणाऱ्या डोरोथी त्या दिवशी तिथे नव्हत्या. दुखरे हात दाखवायला त्या लंडनच्या तज्ज्ञाकडे गेल्या होत्या. वय 24, निदान आमवात. तेव्हा मेथोट्रेक्सेट नव्हतं.

पुढे क्ष-किरण यंत्राचा मुख्य खटका बोटांनी दाबेना, तेव्हा बाईंनी त्याला लांब दांडा बसवून घेतला. पेनिसिलिनची रचना 1945 मध्ये सुटली, बी-12 जीवनसत्त्वाची 1950च्या दशकात, 1964 साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. इन्सुलिनचं पहिलं क्ष-किरण चित्र त्यांनी तिशीच्या आत घेतलं होतं आणि पूर्ण रचना हाती आली 1969 मध्ये. त्या शोधनिबंधाच्या लेखकांत आपले भारतीय शास्त्रज्ञ एम. विजयनही होते. मधल्या तीनेक दशकांत इन्सुलिन कितीदा बाजूला ठेवलं गेलं आणि पुन्हा हाती घेतलं गेलं.

'आजारावर मात' हे शब्द मला इथे वापरवत नाहीत. आजार शेवटपर्यंत होता आणि सोबत चांगले सहकारी, घरी मुलांना सांभाळणारी माणसंही होती. मला त्यांच्या कामाचा पोत महत्त्वाचा वाटतो. जे मध्येच खाली ठेवता येतं आणि नंतर तिथूनच उचलता येतं, ते काम दीर्घ आजारात टिकतं. सुईवरची वीण तशीच असते. आठवड्यांनी हातात घेतली तरी शेवटची ओळ नीट पाहिली की पुढचा टाका सुलट की उलट, ते कळतं.

डोरोथींच्या आई, ग्रेस क्रोफूट, हातकताईच्या आणि प्राचीन कापडांच्या जाणकार होत्या. नमुना कसा पुन्हा पुन्हा येतो हे बघण्याची नजर घरातच होती. जॉर्डनमधल्या जेराश इथल्या पुरातन चर्चांच्या मोझेकची रेखाटनं डोरोथींनी ऑक्सफर्डला जाण्याआधी केली होती.

त्याच काळात लोकरसुद्धा क्ष-किरणांखाली आली. लीड्स या लोकर-उद्योगाच्या शहरात विल्यम अ‍ॅस्टबरी 1930च्या दशकात केस आणि लोकर यांची चित्रं घेत होते. तंतू ओलसर वाफेत ताणला की चित्र बदलायचं, सोडला की पुन्हा पहिल्यासारखं व्हायचं. म्हणजे केस आणि लोकर ज्या प्रथिनाची बनतात, त्या केराटिनची साखळी आत दुमडलेली असणार, हे त्यांनी ओळखलं. ती दुमड म्हणजे मळसूत्री वळण आहे, हे लायनस पॉलिंग यांनी 1951 मध्ये दाखवलं. सुती धाग्यातल्या सेल्युलोजच्या साखळ्या सरळ असतात, त्यांत असं वळण नाही.

सध्या मी दोन छोट्या पट्ट्या विणून ठेवल्या आहेत, एक लोकरीची, एक सुती. टाके तेवढेच, वीणही तीच, दोन सुलट दोन उलट. दोन्ही सारख्या ताणून, ओल्या करून, वाळवून मोजपट्टीने रुंदी मोजते आहे. सुती पट्टी सैलावत चालली आहे, लोकरीची अजून परत मिटते.