करमत नाही, म्हणजे नेमकं काय होतं?

संक्रांतीच्या सुमाराला सोलापुरात सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज (मानाच्या उंच काठ्या) निघतात, गड्डा म्हणजे जत्रा भरते आणि बाराबंदी या पांढऱ्या अंगरख्यातल्या गर्दीचे व्हिडिओ जगभर जातात. बर्लिनमध्ये शिकणाऱ्या मुलाच्या फोनवर ते पोचतात, तेव्हा तिथे दिवस जेमतेम आठ तासांचा असतो आणि सेमिस्टरच्या परीक्षा तोंडावर आलेल्या असतात. घरी फोन करून तो एवढंच म्हणतो, "करमत नाही." घरच्यांना वाटतं, पोरगं खचलं. या दोन शब्दांत तीन-चार वेगळी दुखणी असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा.

आधी एक गैरसमज. परदेशी शिक्षणाच्या सेमिनारमध्ये इंग्रजी 'यू' अक्षरासारखी रेघ दाखवतात: सुरुवातीला मजा, मग घसरण, मग सावरणं. ही कल्पना स्वेरे लिसगार्ड या नॉर्वेजियन समाजशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये मांडली. अमेरिकेत कमी-जास्त काळ राहिलेल्या शिष्यवृत्तीधारकांची त्याने तुलना केली होती; त्याच माणसांना पुन्हा पुन्हा तपासलं नव्हतं. मानसशास्त्रज्ञ कॉलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमधल्या जपानी विद्यार्थ्यांना वर्षभर टप्प्याटप्प्याने विचारलं (१९९८), तेव्हा सर्वांत जास्त त्रास पोचल्या पोचल्याच दिसला. म्हणजे पहिल्याच आठवड्यात रडू आलं, तर त्यात काही बिघडलेलं नाही.

आता उजेड. सोलापुरात डिसेंबरातही सुमारे अकरा तास दिवस असतो. उन्हाला आपण शिव्याच घालतो, पण मेंदूतलं घड्याळ रोज सकाळी डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर लागतं. बर्लिनला डिसेंबरात चारच्या आधीच सूर्य मावळतो. दिवस खोलीत गेला तर घड्याळ मागे पडतं, झोप उशिरा लागते, सकाळी अंग जड होतं. काहींना यातूनच हिवाळी नैराश्य येतं. घरातल्या दिव्यांचा उजेड सहसा ५०० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आतच असतो, ढगाळ दिवशीही बाहेर तो हजाराच्या वर जातो. म्हणून उठल्यावर तासाभरात अर्धा तास बाहेर चालावं. तेवढ्याने भागलं नाही तर १०,००० लक्सचा दिवा सकाळी तीस मिनिटं, त्याच्या माहितीपत्रकात दिलेल्या अंतरावर. संध्याकाळी लावला तर झोप आणखी लांबते. बायपोलर आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो वापरू नये.

दुसरं दुखणं भाषेचं. आपण दुकानात तेलुगू, शेजारी कन्नड आणि घरी मराठी सहज बोलतो, कारण ते लहानपणापासून कानावर पडलेलं असतं. नव्या भाषेत मात्र ऐकलेलं वाक्य डोक्यात धरून ठेवून उलगडावं लागतं, आणि हे धरून ठेवण्याची जागा फार लहान. दिवसभर हेच चाललं की संध्याकाळी माणूस रिकामा होतो. त्याला एकटेपणा समजून चालत नाही. तो थकवा आहे. जेवण आणि झोप आधी, निष्कर्ष नंतर.

फोनचं जरा नाजूक आहे. हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक. सोलापुरात जेवणं उरकून साडेनऊ वाजतात, तेव्हा तिकडे पाच, बाहेर अंधार. घरची ओढ रिकाम्या वेळी जास्त छळते, म्हणून व्हिडिओ कॉल संध्याकाळभर चालूच राहतो. तोटा असा की होस्टेलच्या सामाईक स्वयंपाकघरात ओळखी होतात त्याच वेळी मूल खोलीत असतं. अर्ध्या तासाचा ठरलेला फोन बरा. मग ताट घेऊन बाहेर बसावं, शेंगाची चटणी पुढे करावी. पण शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी जीवघेणी असू शकते, म्हणून आधी विचारावं आणि चमचा वेगळा ठेवावा. (तूप, पेढे बॅगेत भरू नयेत, दुधाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत.)

"मी इथला नाहीच" ही भावना सर्वांत चिवट. वॉल्टन आणि कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अमेरिकेतल्या एका विद्यापीठातल्या नव्या विद्यार्थ्यांना साधारण तासाभरात एवढंच पटवलं की ही शंका बहुतेकांना येते आणि ओसरते. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पुढची तीन वर्षं सुधारलेले दिसले. सीनियरला "तुला पहिल्या सेमिस्टरला कसं वाटलं?" असं विचारण्यामागे हेच तत्त्व आहे.

उदासी, झोप-भूक बिघडणं आणि कशातच रस नसणं हे दोन आठवडे जवळपास रोज राहिलं, तर मात्र वाट पाहू नये. जर्मनीत अनेक ठिकाणी विद्यार्थी सेवा संस्थेत समुपदेशन मोफत मिळतं, पण पहिली भेट मिळायला वेळ लागू शकतो. ईमेल लगेच टाकावा. जीव द्यावा असा विचार मनात आला तर ११२ हा तिथला आपत्कालीन क्रमांक. इकडे काळजीने झोप उडालेल्या आईवडिलांसाठी टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६.