झुडपी जंगल

पूर्व विदर्भातील नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत महसुली दप्तरात ‘झुडपी जंगल’ अशी नोंद असलेली सरकारी जमीन. माती हलकी, मुरमाड. तिच्यावर बोर, पळस, भराटी यांची खुरटी वाढ आणि मधल्या मोकळ्या जागेत गवत. साग-बांबूचे वन डोळ्यांसमोर ठेवून गेलेल्याला इथे जंगल दिसतच नाही. कायद्याला मात्र ते दिसते आणि या जमिनीचे सगळे वाद तिथूनच सुरू होतात.

मालगुजारीच्या काळात गावालगतची ही पडीत मालगुजाराकडे, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनमालकाकडे असे. गावाने तिथे गुरे चारायची, सरपण आणि कुंपणाला काट्या आणायच्या, अशी वहिवाट होती. तिलाच निस्तार म्हणत. मालकी हक्क निर्मूलनाच्या कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली आणि या जमिनी सरकारजमा झाल्या. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा प्रदेश मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, त्याच्याबरोबर ही नोंदही आली. निस्तारपत्रकाची, म्हणजे गावाच्या अशा वहिवाटी लिहून ठेवणाऱ्या सरकारी पत्रकाची तरतूद पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही (१९६६) राहिली.

अडचण आली ती १९८० च्या वन (संवर्धन) अधिनियमाने. वनजमीन वनेतर कामासाठी द्यायची तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगी हवी, असे त्याचे कलम २ सांगते. मग झुडपी जंगल हे वन आहे का? महसूल खाते आपल्या परीने जमिनी वाटत राहिले. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मालकी कोणाचीही असो, सरकारी अभिलेखात वन म्हणून नोंदलेली जमीन या कायद्याखाली येते, असे ठरवले. तोवर सुमारे १.७८ लाख हेक्टरपैकी ८६,४०९ हेक्टर क्षेत्र वनव्यवस्थापनास अयोग्य आहे, असे राज्य म्हणत होते. त्यातल्या बऱ्याच भागावर वस्त्या, शेती, शाळा, स्मशानभूमी उभ्या होत्या. नागपुरातल्या सरकारी इमारतीही होत्या. नियम मोडणाऱ्यांत सरकार स्वतःच पुढे होते, हे इथे नोंदवायलाच हवे.

२२ मे २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने झुडपी जंगल ही वनजमीनच असल्याचा निर्णय दिला. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी वाटलेल्या जमिनींसाठी राज्याने केंद्राकडे एकत्रित प्रस्ताव पाठवावा आणि त्यावर पर्यायी वनीकरणाची वा नक्त वर्तमान मूल्याची (गमावलेल्या वनाच्या मोलापोटी भरायच्या रकमेची) अट नसावी, अशी एकवेळची सवलत दिली. त्यानंतरच्या वाटपाला मात्र, ते करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई झाल्याशिवाय मंजुरी नाही. वनक्षेत्राला न लागणारे, तीन हेक्टरपेक्षा लहान, न वाटलेले तुकडे ‘संरक्षित वन’ जाहीर करायचे आहेत. महसूल खात्याकडील उरलेली जमीन वनखात्याकडे जायची आहे.

पूर्वी वाटलेल्या घराशेतांना या निर्णयाने वाट काढून दिली. चराईचा प्रश्न वेगळा. वर्धा जिल्ह्यातले नंद गवळी आणि त्यांची गवळाऊ गुरे, चंद्रपूर-गडचिरोलीकडचे कुरमार आणि त्यांची मेंढरे अशाच माळांवर जगत आली. जमीन वनखात्याकडे गेली, की रोपवनासाठी कुंपण पडते आणि कळपाला बंदी येते. गवताळ माळावर झाडे लावणे म्हणजे त्याची सुधारणा, ही वनखात्यांची जुनी समजूत आहे आणि ती चुकीची आहे.

जमीन एकदा वन ठरली, की तिथे वनहक्क कायदा, २००६ लागू होतो, ही दुसरी बाजू फारशी कोणी मांडत नाही. या कायद्याच्या कलम ३ मध्ये चराईचा सामूहिक हक्क आहे, निस्ताराचा आहे, भटक्या पशुपालकांच्या हंगामी वापराचाही आहे. अनुसूचित जमातीत नसलेल्यांना मात्र तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. त्या पुराव्यासाठी जुनी निस्तारपत्रके कामी येऊ शकतात.