दहा पौंड पाण्याचा गॅलन

अमेरिकेतला गॅलन ३.७८५ लिटरचा, ब्रिटनमधला ४.५४६ लिटरचा. नाव एक, मापं दोन. अमेरिकेनं जुनं माप ठेवलं आणि ब्रिटननं बदललं, असं याचं कारण सांगतात आणि ते खरंच आहे. पण ब्रिटननं ते बदलताना कशाचा आधार घेतला, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

१८२४ पूर्वी इंग्लंडात वाइनचा गॅलन २३१ घनइंचांचा, तर बिअरचा २८२ घनइंचांचा होता. २३१ हा आकडा विचित्र दिसतो. पण ७ इंच व्यासाचं, ६ इंच उंचीचं सरळ उभं गोल भांडं घ्या आणि पाय (π) ची किंमत २२/७ धरा. आकारमान बरोबर २३१ येतं! १७०७ साली राणी ॲनच्या काळात हे माप कायद्यात आलं. अमेरिकेचा गॅलन आजही तोच आहे, आणि खनिज तेलाचं बॅरल मोजतात तेही याच ४२ गॅलनांचं, म्हणजे सुमारे १५९ लिटरचं.

भांड्यावर विसंबण्यात अडचण अशी की व्यास १ टक्का चुकला तर आकारमान २ टक्क्यांनी चुकतं. तराजू त्या मानानं फार विश्वासू. आपल्याकडेही भाजी पावशेर आणि दूधही पावशेर, असं वजन-माप एकाच नावानं चालायचंच. १८२४ च्या कायद्यानं गॅलन थेट वजनाला बांधला: ६२ अंश फॅरनहाइट तापमानाचं १० पौंड ऊर्ध्वपातित (वाफ थंड करून मिळवलेलं शुद्ध) पाणी जेवढी जागा व्यापेल तेवढा गॅलन. वजन पितळी वजनांनी, हवेत करायचं आणि वायुभारमापकात पारा ३० इंचांवर हवा, असंही त्यात लिहिलं होतं. हवेचा उल्लेख उगाच नाही. हवा प्रत्येक वस्तूला किंचित वर उचलते. तेवढ्याच वजनाच्या पितळेपेक्षा पाणी जास्त जागा व्यापतं, म्हणून त्याला जास्त उचलते. लिटरमागे हा फरक साधारण १ ग्रॅमचा पडतो. दोनशे वर्षांपूर्वी कायद्याच्या मसुद्यात इतका बारकावा होता, याचं मला फार कौतुक वाटतं.

लिटरही याच वाटेनं गेला. फ्रान्समध्ये १७९५ साली तो १० सेंटिमीटर बाजूच्या घनाएवढा ठरला होता. १९०१ मध्ये मात्र १ किलो शुद्ध पाणी सर्वांत दाट असताना, म्हणजे ४ अंश सेल्सिअसच्या आसपास, जेवढी जागा घेतं तो लिटर मानला गेला. हे पाणी त्या घनापेक्षा दहा लाखांत २८ भाग जास्त भरलं. लिटरमागे जेमतेम अर्धा थेंब! तरीही अचूक कामांत एकाच नावाची दोन मापं चालेनात, म्हणून १९६४ साली लिटर पुन्हा घनाकडे परतला.

तापमानाचा प्रश्न मात्र आपल्या स्वयंपाकघरात अजून आहे. सोयाबीन तेलाचा एक लिटर २१ अंश सेल्सिअसला ९१९ ग्रॅम भरतो, ६० अंशाला सुमारे ८९३ ग्रॅम. पिशवीवर '६० अंशाला १ लिटर' असं छापलं, तर तेवढं तेल कमी भरूनही लिटर पुराच ठरतो. म्हणून २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं खाद्यतेल उत्पादकांना तापमान न लिहिता आकारमान आणि सोबत वजनही छापायला सांगितलं. एकाच तेलाच्या दोन पिशव्यांची किंमत ताडून पाहायची असेल, तर हिशेब लिटरचा न करता ग्रॅमचा करा.