अर्धशक्ती व्यायाम

अर्धशक्ती व्यायाम : अंगात असलेल्या बळापैकी निम्मेच व्यायामात खर्चावे व उरलेले राखावे, हा आयुर्वेदाच्या दिनचर्येतील दंडक. वाढत्या वयात मेहनत किती करावी आणि शीण कसा घालवावा, या प्रश्नाला भारतीय वैद्यकाने दिलेले हे एक जुने व नेमके उत्तर आहे.

दंडकाचा आधार दोन ग्रंथांत आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात (अध्याय २४) ‘बलस्यार्धेन कर्तव्यो व्यायामः’ असे वचन येते. ‘अर्धशक्त्या’ हा शब्द मात्र वाग्भटाच्या अष्टांगहृदयातला (सूत्रस्थान, अध्याय २). वाग्भटाचा काळ सामान्यतः इ. स. सहावे-सातवे शतक मानतात. सुश्रुतसंहितेचा मूळ भाग त्याच्या कित्येक शतके आधीचा असला, तरी तिच्यात नंतर फेरफार व भर पडली आहे, त्यामुळे एखाद्या श्लोकाचा काळ ठरवणे जपूनच करावे लागते. तरीही कल्पना सुश्रुत परंपरेची आणि तिचे सुटसुटीत सूत्र वाग्भटाचे, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

निम्मे बळ ओळखावे कसे? सुश्रुताची खूण श्वासाची आहे : व्यायाम करताना हृदयस्थानीचा वायू मुखात येऊ लागला, की अर्धे बळ खर्ची पडले. उत्तरकालीन ग्रंथांत व टीकांत घामाची खूण येते : कपाळ, नाक, काखा आणि हातापायांचे सांधे यांवर घाम फुटणे व तोंडाला कोरड पडणे. जोर काढणाऱ्या माणसाकडे पाहिले, तर दोन्ही खुणा लागोपाठ दिसतात. आधी नाकपुडीच्या कडेला घामाचे थेंब जमतात, मग मिटलेले ओठ सुटतात आणि तो तोंडाने श्वास घेऊ लागतो. ‘वायू मुखात येणे’ म्हणजे नाकाने पुरेनासा झालेला श्वास तोंडाने सुरू होणे, हा अर्थ त्यामुळे सरळ वाटतो. काही आधुनिक अभ्यासक हा क्षण श्रमशरीरशास्त्रातील श्वसन-उंबरठ्याशी (श्रम वाढताना श्वास एकाएकी जलद होऊ लागतो त्या टप्प्याशी) जुळवतात. साम्य लक्षणीय आहे, पण दोन्ही एकच म्हणणे घाईचे होईल.

या मोजमापाचे मोठेपण असे, की त्यात आकडा नाही. बळ ओसरले, की त्याचे निम्मेही आपोआप खाली येते. पंचविशीत दोनशे बैठकांनी सुटणारे ओठ साठीत चाळीस बैठकांनी सुटतील, आणि त्या दिवसाचा व्यायाम तेवढाच पुरा धरायचा.

खरा मतभेद वृद्धांविषयी आहे. वाग्भट वात-पित्ताचे रोगी, बालक, वृद्ध व अजीर्ण झालेले यांना व्यायाम वर्ज्य सांगतो. सुश्रुत मात्र वय, बळ, शरीर, देश, काल व आहार पाहून व्यायाम करावा असे म्हणतो. व्यायाम करणाऱ्यावर म्हातारपण एकाएकी चाल करून येत नाही, असेही त्याचे सांगणे आहे. येथे ‘वृद्ध’ कोणाला म्हणायचे हे पाहणे आवश्यक ठरते. चरकसंहितेत (विमानस्थान, अध्याय ८) मध्यम वय साठीपर्यंत आहे. सुश्रुत व वाग्भट ते सत्तरीपर्यंत नेतात. शिवाय सुश्रुत मध्यम वयाचे पोटभाग पाडतो : विसापर्यंत वृद्धी, तिशीपर्यंत यौवन, चाळिशीपर्यंत संपूर्णता आणि तेथून सत्तरीपर्यंत किंचित हानी. म्हणजे चाळीस ते सत्तर ही तीस वर्षे व्यायाम सोडण्याची नव्हेत, तो बेताने करण्याची आहेत. वाग्भटाचा निषेधही सत्तरीनंतरच्या क्षयाच्या (शरीर झिजण्याच्या) वयाला लागू होतो. तो जसाच्या तसा आज पाळू नये; सुश्रुताचे तारतम्य अधिक ग्राह्य आहे. अतिरेकाविषयी मात्र वाग्भटाचा इशारा कोणत्याही वयाला चपखल बसतो : अति व्यायाम, जागरण वगैरे साहस करणारा हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहासारखा नाश पावतो.

व्यायामानंतर सर्वांगाचे सुखकर मर्दन करावे असे वाग्भट सांगतो. नित्य अभ्यंगाला तो जरा (म्हातारपण), श्रम व वात हरणारा म्हणतो आणि डोके, कान व तळपायांना तेल आवर्जून लावायला सांगतो. निम्म्या बळाची मुभाही थंडीत व वसंतात. इतर ऋतूंत त्याहून कमी.

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या मानसोल्लासात (बारावे शतक) मल्लांची वर्गवारी वय, देह व बळ यांवरून केली आहे. महाराष्ट्रातील तालमींत मात्र मेहनत जोर-बैठकांच्या आकड्यांत मोजली जाते. तरुण पोराला शिस्त लावायला हा आकडा उपयोगी पडतो. उतारवयात त्याचाच हट्ट गुडघ्यांवर येतो. दुसरी चूक खुराकाची. कुस्ती सुटते, मेहनत घटते, पण दूध, तूप, बदाम तेवढेच राहतात आणि पिळदार अंग काही वर्षांत सुटते. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी सूर्यनमस्कारांचा प्रचार केला आणि स्वतःचा नेम उतारवयातही चालू ठेवला. तालमीबाहेरच्या प्रौढ माणसाला व्यायाम आपलासा वाटू लागला, याचे मोठे श्रेय त्यांना द्यावे लागेल.

आधुनिक शास्त्रानुसार तिशीनंतर दर दशकात स्नायूंचे वस्तुमान साधारण ३ ते ८ टक्के घटते आणि साठीनंतर हा वेग वाढतो. प्रथिनांपासून स्नायू बांधण्याची क्षमता मंदावते, म्हणून झीज भरून यायला जास्त वेळ लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात ६५ वर्षांपुढील व्यक्तींना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम, किमान दोन दिवस स्नायुबळाचा व्यायाम आणि पडण्याचा धोका कमी व्हावा म्हणून तीन दिवस तोल व बळ यांचा संमिश्र व्यायाम सुचवला आहे. तोल सांभाळण्याचा स्वतंत्र विचार अर्धशक्तीच्या विवेचनात नाही. संहितांसमोर मुख्यतः धडधाकट पुरुष असल्याने रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांची हाडे झपाट्याने विरळ होतात, हा मुद्दाही तेथे येत नाही. अशा स्त्रियांनी नुसत्या चालण्यावर न थांबता वजन उचलण्याचे व्यायाम शिकून घ्यावेत. श्रम मध्यम आहेत की नाहीत हे ओळखण्याची आजची सोपी चाचणी बोलण्याची आहे : चालताना वाक्य पुरे करता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये.