एचमॅक : सी भाषेतील गणन

गुप्त किल्ली आणि हॅश फंक्शन (कितीही लांब मजकुरातून ठरावीक लांबीचे उत्तर काढणारे गणित) वापरून एखाद्या संदेशासाठी काढलेल्या प्रमाणक संकेताला एचमॅक म्हणतात. संदेश वाटेत बदललेला नाही आणि किल्ली जवळ असलेल्यानेच तो पाठवला आहे, एवढे त्यावरून पडताळता येते. मजकूर लपवणे हे त्याचे काम नव्हे. मिहिर बेल्लारे, रॅन कॅनेट्टी आणि ह्यूगो क्रॉचिक यांनी १९९६ मध्ये ही रचना मांडली. १९९७ मध्ये ती आरएफसी २१०४ या इंटरनेटविषयक दस्तऐवजाच्या रूपात प्रसिद्ध झाली आणि २००२ मध्ये अमेरिकेच्या एफआयपीएस १९८ या मानकात आली. लॉगिनसाठी वापरायच्या ऑथेंटिकेटर ॲपमध्ये दर ३० सेकंदांनी बदलणारे आकडे एचमॅकमधूनच निघतात.

रचना

संदेशाच्या आधी किल्ली जोडून सरळ हॅश काढला तर काय बिघडते? एसएचए-२५६ हे हॅश फंक्शन मजकुराचे ६४ बाइटांचे ठोकळे एकामागून एक पचवते आणि शेवटी आपली अंतर्गत स्थितीच उत्तर म्हणून देते. त्यामुळे किल्ली ठाऊक नसली तरी त्या उत्तरापासून पुढे गणन चालू ठेवून संदेशाच्या शेपटाला हवा तो मजकूर जोडता येतो. मोडी पत्रांत मजकूर संपताच ‘लेखनसीमा’ची मोर्तब उठवीत, ती अशाच भरतीला आळा घालण्यासाठी. एचमॅकमध्ये हे काम बाहेरचा दुसरा हॅश करतो. किल्ली ६४ बाइटांपेक्षा लांब असेल तर आधी तिचाच हॅश घेतात, आखूड असेल तर शून्ये भरतात. मग किल्लीच्या प्रत्येक बाइटची हेक्साडेसिमल (सोळाच्या पायाच्या) ३६ शी एक्सॉर क्रिया (बिट वेगळे असतील तर १, सारखे असतील तर ०) करून तिच्यानंतर संदेश जोडतात व हॅश काढतात. त्यानंतर एक्सॉर करण्यापूर्वीच्या त्याच ६४ बाइटांच्या किल्लीची ५सी शी एक्सॉर करून तिच्यानंतर आलेले उत्तर ठेवतात आणि पुन्हा हॅश काढतात. एसएचए-५१२ साठी ठोकळा १२८ बाइटांचा असतो.

लायब्ररीतील फंक्शने

ओपनएसएसएल या सी भाषेतील गुप्तलेखन लायब्ररीत संपूर्ण संदेश हाताशी असेल तर एचमॅक नावाचे एकच फंक्शन पुरते. तुकड्या-तुकड्यांनी येणाऱ्या मजकुरासाठी पूर्वी इनिट, अपडेट, फायनल अशी एचमॅकची स्वतंत्र फंक्शने वापरत. २०२१ च्या ३.० आवृत्तीपासून ती कालबाह्य ठरवली असून त्यांच्या जागी ईव्हीपी-मॅक हा संच आहे. त्यात आधी ‘एचमॅक’ या नावाने पद्धत मागवायची, कोणता हॅश हवा ते पॅरामीटरमधून सांगायचे आणि मग पूर्वीचाच क्रम चालवायचा. लिहिणे वाढते, गणित तेच राहते. लिबसोडियम या दुसऱ्या लायब्ररीचे क्रिप्टो-ऑथ हे फंक्शन हा निवडीचा भारच ठेवत नाही: तिथे एचमॅक-एसएचए-५१२ काढून त्याचे पहिले ३२ बाइट घेतात.

बाइटांचा हिशेब

खरी गफलत होते ती फंक्शनच्या आजूबाजूला. इंदूरच्या रामबागेतील एखादे मराठी वाचनालय घ्या. काउंटरवरचा संगणक वर्गणीची नोंद सर्व्हरकडे पाठवतो आणि सोबत एचमॅक जोडतो. सभासद क्रमांक ४१२ आणि रक्कम ५०० मध्ये काहीही न ठेवता एकापुढे एक लिहिली, तर सभासद ४१ ची २५०० रुपयांची नोंद बाइटांनी तंतोतंत तीच होते, म्हणून दोघांचा एचमॅकही एकच. मध्ये विभाजक चिन्ह किंवा प्रत्येक रकान्याची लांबी घातलीच पाहिजे.

फंक्शनला लांबी द्यायची ती बाइटांत. ‘इंदूर’ वाचताना तीन अक्षरे, पण यूटीएफ-८ या युनिकोड अक्षरांच्या बाइट-रूपात पाच चिन्हे आणि १५ बाइट. उत्तराला तर ‘स्ट्रलेन’ (सी मधील मजकुराची लांबी मोजणारे फंक्शन) लावूच नये. एसएचए-२५६ च्या ३२ बाइटांच्या उत्तरात शून्य बाइट कुठेही येऊ शकतो आणि सी त्याला मजकुराचा शेवट समजते.

मराठीत आणखी एक खास अडचण आहे. ‘कऱ्हाडकर’ या आडनावातला अर्धा र एका कीबोर्डवरून ‘ऱ’ व हलन्त असा, म्हणजे ६ बाइटांत येतो; दुसऱ्यावरून साधा र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह असा, ९ बाइटांत. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, एचमॅक मात्र पार वेगळा. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करणारे युनिकोडचे एनएफसी प्रमाणीकरणही हा भेद मिटवत नाही. म्हणून सर्व्हरने आलेले बाइट जसेच्या तसे ठेवून त्यांवरच पडताळणी करावी. नोंद उलगडून, नीटनेटकी करून, पुन्हा जुळवून मग एचमॅक काढणे हा नसता उद्योग आहे.

पडताळणी आणि मर्यादा

आलेला व स्वतः काढलेला संकेत यांच्या तुलनेसाठी सी मधील नेहमीचे मेमसीएमपी हे फंक्शन नको. ते पहिला वेगळा बाइट भेटताच थांबू शकते आणि त्या वेळेच्या फरकावरून खरा संकेत बाइट-बाइट करून हुडकता येतो. ओपनएसएसएलचे क्रिप्टो-मेमसीएमपी जुळो वा न जुळो, सर्व बाइट तपासते. किल्ली यादृच्छिक असावी आणि हॅशच्या उत्तराहून, म्हणजे एसएचए-२५६ साठी ३२ बाइटांहून, आखूड नसावी. वाचनालयाचे नाव किंवा स्थापनेचे साल ही किल्ली नव्हे.

तीच नोंद कोणी दुसऱ्यांदा पाठवली तर एचमॅक तिला हरकत घेत नाही. त्यासाठी पावती क्रमांक किंवा वेळ संदेशातच हवी. शिवाय किल्ली काउंटर आणि सर्व्हर दोघांकडेही असल्याने वाद झाला तर नोंद नेमकी कोणी केली हे एचमॅकवरून तिऱ्हाइताला पटवून देता येत नाही. तिथे सार्वजनिक किल्लीची डिजिटल सही लागते.